तूट

सुकुमारचा फोन येतो मंगळुरूच्या बंदरातून,
मागे पंपाची घरघर.
म्हणतो, आक्का, जहाजावर तेल मोजत नाहीत.
वरच्या झाकणातून पट्टी सोडतात
आणि मोजतात तेलाच्या वर उरलेली पोकळी.
रिकामं किती ते कळलं
की भरलेलं किती ते तक्ता सांगतो.

मी गणपती पेठेत, गल्ल्यावर.
समोर पंधरा किलोचा डबा,
कालच्यापेक्षा बावीस रुपयांनी महाग.
इडलीच्या गाडीवाली सत्यव्वा विचारते, का वो?
मी म्हणते, वरनंच वाढलंय.
ती मान वर करून बघते.
वर पंखा आहे, जाळी धरलेला,
आणि पंख्याच्या वर पत्रा.
पत्र्याच्या वर कोण आहे ते मलाही नीट माहीत नाही:
दिल्लीतला शुल्काचा कागद,
मलेशियातल्या बाजाराचा आकडा,
नांगर टाकून पाळीची वाट बघणारं एखादं जहाज.
ती पाव किलो कमी घेते.

सुमात्राहून निघालं की त्याला ऊब द्यावी लागते.
टाकीच्या तळाशी नळ्या, नळ्यांतून वाफ,
बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवावी तशी.
गारठलं तर तिथंच बसतं.
इथं पुसाच्या थंडीत डब्यात पांढरं धरलं
की लोक म्हणतात, भेसळ आहे,
आणि मी डबे उन्हात मांडते, पुराव्यासारखे.

शेवटी पंप नुसती हवा ओढायला लागतो.
मग माणसं उतरतात टाकीत, गमबूट घालून,
रबरी फळीनं भिंतीवरचं तेल
ओढत ओढत नेतात पंपाच्या तोंडाशी.
सुकुमारही उतरतो.
शिडी घसरडी, खाली श्वास जड.
वर आल्यावर साबणाच्या दोन वड्या लागतात
आणि तरी भाताला पामतेलाचा वास.

अण्णा आतून ओरडतात, त्याला विचार,
सूर्यास्ताआधी जेवतो का?
कुठल्या सूर्यास्ताआधी, अण्णा?
वाटेत घड्याळं तीनदा मागं केली.

अण्णांचा घाणा बंद पडून एकोणतीस वर्षं झाली.
शेंगतेल आता फक्त फळीच्या लाकडात आहे,
पावसाळी हवेत थोडं बाहेर येतं.
मला त्यांनी शिकवलं ते एवढंच:
धार तुटली तरी हात काढायचा नाही.
तुटल्यावर तीन थेंब येतात.
ते गिऱ्हाइकाचे.

सगळं निघतं का रे? त्यांनी फोन हातात घेतला.
नाही अण्णा. थोडं भिंतीला राहतं, थोडं नळात.
अर्धा टक्का तूट धरतातच. कागदावर लिहिलेली असते.
माल किती?
बारा हजार टन.

अण्णा चौऱ्याऐंशीचे. त्यांनी पाटी मागितली नाही.
ओठ हलले, बोटांची पेरं हलली.
साठ टन.
चार हजार डबे.
मग डबे ते मनातच मांडू लागले, एकाला एक लावून,
आपल्या उंबऱ्यापासून,
टिळक चौक ओलांडून,
आयर्विन पुलाकडे.
एवढं तेल, म्हणाले, आणि कुणाचंच नाही?

सुकुमार काही बोलला नाही.
पंपाचा आवाज मात्र थांबल्यासारखा वाटला,
किंवा रेंज गेली.

त्या रात्री त्यांनी विकून संपलेला डबा
नरसाळ्यावर पालथा घातला, खाली काचेची बाटली.
मी म्हटलं, अण्णा, त्यात काही नाही.
म्हणाले, तू झोप.

सकाळी उठले तर ते ओसरीवर,
बाटली उन्हाकडे धरलेली.
तळाला पिवळी रेघ, नखाएवढी.
त्यांनी बोट लावलं, पण रेघेला नाही.
रेघेपासून बुचापर्यंत
वितीनं मोजत गेले वर, सावकाश,
आणि बाटली परत नरसाळ्याखाली ठेवली.

मावतंय अजून, म्हणाले.